प्रेक्षणीय संघ, नागपूर विभाग

नागपूर विभागात खेळ होतात, ही बाब शासनाला पूर्वीपासून ज्ञात होती. ते कोणी पाहत नाही, ही बाब मात्र मुंबईहून आलेल्या सचिवांनी जेवताना विचारलेल्या एका प्रश्नामुळे उघडकीस आली. सचिवांचे परतीचे विमान लांबले होते. पुढ्यात झणझणीत सावजी रस्सा होता आणि वेळ जात नव्हता. "तुमच्याकडे संध्याकाळी जाऊन पाहावा असा एखादा स्थानिक संघ आहे का हो? कबड्डी, हॉकी, फुटबॉल, काहीही चालेल," असे त्यांनी सहज विचारले. टेबलाभोवतीच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणालाच नाव सांगता येईना. एकाने जामठ्याच्या स्टेडियमचा उल्लेख केला. पण तो संघ नसून इमारत आहे, हे दुसऱ्याने नम्रपणे निदर्शनास आणून दिले. सचिवांनी नाक पुसले, "बघा काहीतरी," असे म्हटले आणि ते विमानतळाकडे गेले.

या तोंडी आदेशाचा अर्थ लावण्यासाठी बैठक झाली. आदेशात 'बघा' हे क्रियापद स्पष्ट असल्यामुळे खेळ वाढवणे अपेक्षित नसून बघणे अपेक्षित आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यानुसार 'विभागीय प्रेक्षण कक्ष' स्थापन झाला आणि त्याच्या प्रमुखपदी श्री. ऋषिकेश पांढरीपांडे यांची नेमणूक झाली.

पांढरीपांडे हे सरळ, निर्व्यसनी आणि वेळेवर येणारे अधिकारी होते. शाळेत असताना खेळाच्या तासाला त्यांना सर्दी होत असे. पुढे नोकरीत ती गेली, कारण खेळाचा तासही गेला. आयुष्यात त्यांनी कोणताही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. म्हणजे कोणत्याही संघाविषयी त्यांच्या मनात पूर्वग्रह असण्याची शक्यता नव्हती, आणि हीच त्यांची मुख्य पात्रता ठरली.

विभागातले प्रेक्षणीय संघ निश्चित करणे हे कक्षाचे पहिले काम होते. व्यावसायिक गटात फारसा प्रश्न आला नाही. 'झिरो माइल झुंजार' हा कबड्डीचा व्यावसायिक संघ शहरात सर्वत्र दिसत होता. चौकाचौकांतल्या फलकांवर, ऑटोच्या पाठीवर आणि एका दंतमंजनाच्या पाकिटावर. त्याचे खेळाडू हरियाणाचे होते, सराव हैदराबादला चालत असे आणि घरचे सामने पुण्याला होत. पण संघाचे बोधचिन्ह म्हणून संत्र्याचा फुगीर पोशाख घालून नाचणारा इसम शहरातल्या महाल भागात राहत होता. त्यामुळे स्थानिकत्वाची अट पूर्ण झाली.

महाविद्यालयीन गटात उमरेड रोडवरच्या गोदावरीबाई स्मृती महाविद्यालयाच्या मुलींचा कबड्डी संघ निवडला गेला. हा संघ खरोखरच चांगला होता, पण निवडीत त्याचा अडथळा आला नाही. कर्णधार अपेक्षा हटवार उमरेडची. तिचे वडील रामाजी घरी हातमागावर बसत. चढाईला गेलेली अपेक्षा समोरच्या मुलींकडे न बघता त्यांच्या गुडघ्यांकडे बघते, असे तिचे प्रशिक्षक प्रा. अश्विन लांजेवार सांगत. उजव्या कोपऱ्यात भिवापूरची करिष्मा भोयर उभी राहत असे. तिने एकदा घोटा धरला की सुटत नसे. हे कसे काय जमते, असे कोणी विचारले तर ती म्हणे, "मिरच्या तोडून पाहा सर हंगामभर. बोटं आपोआप जमतेत."

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर 'पाहण्याजोगा संघ' असा निळा फलक लागला. प्राचार्या डॉ. सत्यवती गिरडकर यांनी तो स्वतः पुसला. मुलींनी त्याच्याखाली उभे राहून फोटो काढले. इथपर्यंत कोणाचेही नुकसान झाले नव्हते.

संघ पाहायचा म्हणजे बसायला जागा हवी. म्हणून मैदानाला प्रेक्षागॅलरी मंजूर झाली. नागपूरचे ऊन लक्षात घेता प्रेक्षकांना सावलीत बसवणे आवश्यक होते आणि मैदानाच्या एका कडेला कडुलिंबाची झाडे होती. झाडे तोडायला परवानगी नव्हती, म्हणून गॅलरी झाडांच्या अलीकडे, म्हणजे मैदानात, बांधण्यात आली. बांधकाम उत्तम झाले. उद्घाटनाला झुंजारांचे संत्रे आले, नाचले, आणि पायऱ्यांवरून घरंगळत जाऊन त्याने टाळ्या मिळवल्या. दुसऱ्या दिवशी अश्विन सर कक्षात हजर झाले.

"सर, कोर्ट उरलं नाही."

"पूर्ण गेलं?" पांढरीपांडे यांनी काळजीने विचारले.

"एक बाजू उरली आहे. मध्यरेषेपर्यंत."

पांढरीपांडे यांनी नकाशा काढून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. "मग अडचण नाही लांजेवार सर. दुसरी बाजू पाहुण्या संघाची असते. आपण घोषित केलाय तो यजमान संघ. त्याची बाजू सुरक्षित आहे."

"पण चढाई दुसऱ्या बाजूलाच करतात, सर."

"ते तांत्रिक झालं," पांढरीपांडे म्हणाले. "ते तुम्ही बघा."

तेव्हापासून मुली स्कूटर स्टँडवर सराव करू लागल्या. डांबरावर पकड करताना कोपरे सोलवटत. महत्त्वाच्या सामन्यांपुरती मध्यरेषा सरकवून दोन अरुंद अर्धी कोर्टे आखली जात. ही तडजोड पंचांनी कुरकुरत मान्य केली, कारण त्यांच्यासाठी गॅलरीत गादीच्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

गॅलरी झाली, पण प्रेक्षक आले नाहीत. पहिल्या सामन्याला वसतिगृहाच्या काही मुली आल्या, एक शेंगदाणेवाला आला आणि गर्दी असेल या अपेक्षेने आलेला एक पाकीटमार निराश होऊन परत गेला. पांढरीपांडे अस्वस्थ झाले. ज्याला पाहण्याजोगा म्हणून शासनाने घोषित केले, तो पाहिला जात नाही. याचा अर्थ एक तर घोषणा चुकली किंवा जनता. घोषणेवर त्यांचीच सही होती.

मार्ग डॉ. गिरडकर यांनी काढला. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांचे विषय हवेच होते. त्यांनी विद्यापीठाकडून 'क्रीडाप्रेक्षण: तत्त्व आणि व्यवहार' हा विषय मान्य करून घेतला. तत्त्वाचा पेपर लेखी. व्यवहार म्हणजे प्रत्यक्ष गॅलरीत बसणे. परिणाम तात्काळ दिसला. शहरभरच्या महाविद्यालयांतून बस भरभरून मुले येऊ लागली. ती रांगेने बसत, अंगठे लावत आणि मोबाइल काढत. गॅलरी भरून वाहत होती आणि मैदानाकडे कोणाचेही तोंड नव्हते. तेव्हा कक्षाने सूचना काढली की प्रत्येक चढाईच्या वेळी किमान मान वर असावी. या सूचनेचे पालन होत आहे की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षक नेमले गेले. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहत.

अशाच एका सामन्याच्या दिवशी रामाजी हटवार उमरेडहून आले. अपेक्षा शाळेपासून कबड्डी खेळत होती, पण रामाजींनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. कधी माग चालू असे, कधी सामना दूर असे. यंदा तिचे शेवटचे वर्ष. धुतलेला सदरा घालून, पिशवीत घरचे मुरमुऱ्याचे लाडू घेऊन ते गॅलरीच्या दाराशी पोचले. दारावरच्या माणसाने त्यांना कोणत्या महाविद्यालयाचे, असे विचारले. रामाजींनी आपण शिकलो नाही असे प्रांजळपणे सांगितले. तेव्हा पांढरीपांडे यांना बोलावण्यात आले.

"आपण कोणत्या योजनेखाली आलात?" पांढरीपांडे यांनी आदराने विचारले.

"एसटीनं आलो जी," रामाजी म्हणाले.

"तसं नव्हे. आपल्याला कोणी पाठवलं?"

"पाठवन कोन? मनानंच आलो. माही पोरगी खेळून राह्यली आत. पाह्यचं होतं."

पांढरीपांडे यांनी सूचनांची फाइल पुन्हा चाळली. त्यांना मनापासून वाईट वाटत होते. "असं आहे बाबाजी, विद्यार्थी प्रेक्षकांची तरतूद आहे. निमंत्रित प्रेक्षकांची आहे. निरीक्षकांचीही आहे. पण स्वतःहून येणाऱ्या प्रेक्षकांची तरतूद केलेली नाही. तसं कोणी येईल, असं त्यावेळी कोणालाच वाटलं नव्हतं."

"मंग मी उभ्यानं पाहीन जी. बसत नाही."

"उभं राहून पाहणारे निरीक्षक असतात."

रामाजींनी यावर विचार केला. त्यांना यात काही चूक काढता आली नाही. पांढरीपांडे यांनी स्वतः माठातले पाणी आणून त्यांना दिले, आपला मोबाइल नंबर कागदावर लिहून दिला आणि पुढच्या वेळी येण्याआधी फोन करून विचारा, तोवर कदाचित तरतूद होईल, असे सांगितले. मग रामाजी बाहेरच्या भिंतीला टेकून बसले. आतून शिट्टी ऐकू येई. मधूनच मुलींचा ओरडा येई आणि थांबे. गॅलरीतून काहीच आवाज येत नव्हता.

सामना संपल्यावर अपेक्षा धुळीने माखून बाहेर आली. "बाबा! पाह्यलं का?"

"आयकलं वं. शिट्ट्या लय वाजल्या. कोन जिंकलं?"

"आमी." तिचा चेहरा बदलला. "काहून? तुमाले आत नाही सोडलं?"

"साहेब चांगला मानूस हाय," रामाजी म्हणाले. "पानी पाजलं मले. नंबर देल्ला." आणि त्यांनी लाडवाची पिशवी तिच्या हातात दिली. अपेक्षाने पिशवी घेतली. तिला भांडायचे होते, पण भांडायला समोर वाईट माणूस लागतो, आणि तो कुठेच दिसत नव्हता.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा नवीच अडचण निघाली. क्रीडाप्रेक्षण हा विषय सक्तीचा होता, आणि कबड्डी संघातल्या एकाही मुलीची त्यात हजेरी नव्हती. प्राचार्यांनी अपेक्षाला बोलावून घेतले.

"अपेक्षा, तू एकाही सामन्याला हजर नाहीस."

"मॅडम, मी खेळून राह्यली होती."

"खेळत होतीस हे महाविद्यालयाला मान्य आहे. त्याचा अभिमानही आहे. पण तू पाहत नव्हतीस."

"खेळताना दिसतेच न, मॅडम."

"समोरचा संघ दिसतो," डॉ. गिरडकर शांतपणे म्हणाल्या. "प्रेक्षणीय संघ आपला आहे. तो तुला कुठे दिसतो?"

पदवी अडकायची नसेल तर प्रत्येक खेळाडूने काही वेळ गॅलरीत बसणे भाग होते. त्यामुळे उपांत्य सामन्यात मुली आळीपाळीने वर गेल्या. करिष्मा पहिला अर्धा भाग गॅलरीत होती आणि तिथून "अवं पाय धर, पाय!" असे ओरडत होती. प्रेक्षकांनी ओरडण्याबाबत काहीच निर्देश नसल्यामुळे निरीक्षकाने तिला दोनदा समज दिली. खाली कोपरा मोकळा पडला होता आणि गुण जात होते. दुसऱ्या भागात करिष्मा खाली आली, डाव्या बाजूच्या दोघी वर गेल्या. अशा अपुऱ्या संघानिशी, स्वतः वर न जाता, अपेक्षाने एकामागून एक चढाया केल्या. शेवटच्या चढाईनंतर ती मध्यरेषेवर पालथी पडली तेव्हा तिचा श्वास एवढा चढला होता की जिंकल्याचे तिला दुसऱ्याने सांगावे लागले.

अंतिम सामना कन्हानच्या एका महाविद्यालयाशी होता. जिंकणारा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार होता. कन्हानची कर्णधार हिमानी रहाटे आणि अपेक्षा शाळेपासून एकमेकींविरुद्ध खेळत आल्या होत्या. त्यांच्यात हार-जीत जवळपास सारखीच होती आणि दोघींनाही ती बरोबरी या वर्षी मोडायची होती.

सचिव पुन्हा नागपुरात येणार होते. योजनेचे यश ते स्वतः पाहणार होते. पांढरीपांडे सकाळपासून गॅलरीत उभे होते आणि गॅलरी रिकामी होती. एकही बस आली नव्हती. त्यांनी महाविद्यालयांना फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर आले. विषयाच्या परीक्षा संपल्या होत्या, श्रेयांक जमा झाले होते. नियमाप्रमाणे मुलांचे खेळ पाहण्याचे शिक्षण पूर्ण झाले होते, त्यामुळे आता त्यांना खेळ पाहण्याचे काही कारण उरले नव्हते.

सचिवांची गाडी विमानतळावरून निघाल्याचा निरोप आला. त्याच सुमाराला कन्हानची बस फाटकातून आत शिरली. त्यातून खेळाडू उतरल्या, राखीव खेळाडू उतरल्या, त्यांच्या मॅडम आणि ड्रायव्हर उतरला. पांढरीपांडे यांनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि मग रिकाम्या गॅलरीकडे पाहिले.

"आपण सर्वांनी वर बसून घ्यावं," ते हिमानीला म्हणाले.

"आमी खेळाले आलो सर," हिमानी म्हणाली. ती बूट बांधत होती.

"त्याबद्दल शंका नाही. पण आपला संघ प्रेक्षणीय म्हणून घोषित झालेला नाही. प्रेक्षकांनी घोषित संघ पाहायचा आहे. आपण मैदानात दिसलात, तर सचिवसाहेबांची दिशाभूल होईल. ते आपल्यालाच पाहत बसले तर जबाबदारी कोणाची?"

"मंग यायनं खेळाव कोनासंग?"

अश्विन सर धावत आले. "सर, कबड्डी एका संघाला खेळता येत नाही!"

"मला माहीत आहे लांजेवार सर," पांढरीपांडे म्हणाले. "पण प्रेक्षकांशिवायही प्रेक्षणीय संघ होत नाही. दोन्हींपैकी एकच गोष्ट आपल्या हाती आहे. मला माझ्या कक्षापुरतं बघावं लागतं."

गाड्यांचे सायरन रस्त्यावर ऐकू येऊ लागले. प्राचार्यांनी कन्हानच्या मॅडमना बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. त्या मॅडम कंत्राटी तत्त्वावर होत्या. त्यांनी खाली मान घालून मुलींना वर जायला सांगितले. हिमानी सर्वांत शेवटी पायऱ्या चढली. तिचे बूट अर्धे बांधलेले होते.

सचिव आले. खाली सात मुली आपल्या अर्ध्या कोर्टात उभ्या होत्या, समोर कोणी नव्हते. अपेक्षाला चढाई करून दाखवा असे सांगण्यात आले. ती मध्यरेषेपर्यंत गेली, रिकाम्या जागेकडे पाहत राहिली आणि तिथेच थांबली. तिच्या तोंडातून 'कबड्डी' हा शब्द निघाला नाही. गॅलरीत कन्हानच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, कारण वाजवायला सांगितले होते. त्यांतल्या काही रडत होत्या. ते दुरून भारावून गेल्यासारखे दिसत होते.

"शिस्त आहे," सचिव म्हणाले. "आणि प्रेक्षक किती तन्मय आहेत पाहा!" त्यांना पुढे एका उड्डाणपुलाचे भूमिपूजन होते. त्यांनी करंडक दिला, फोटो झाला आणि गाड्या निघून गेल्या. प्रतिस्पर्धी संघ मैदानात उपस्थित नसल्यामुळे गोदावरीबाई महाविद्यालय विजयी घोषित झाले.

अपेक्षाने करंडक करिष्माच्या हातात दिला आणि ती पायऱ्या चढून हिमानीच्या शेजारी जाऊन बसली.

"तुमच्याकडे मैदान हाय न वं?" अपेक्षाने विचारले.

"हाय. शाळेमागं, नदीच्या आंगानं."

"कोर्ट पूर्न हाय?"

"पूर्नच असते," हिमानी रागाने म्हणाली. "अर्धं फक्त तुमच्या इथं असते."

"रविवारी सकाळी येतो आमी. खरी म्याच. तुमी जिंकसान त तुमी जासान स्पर्धेले. मी लिहून देतो का आमाले जमत नाही."

हिमानीने तिच्याकडे पाहिले. "आन् तुमी जिंकल्या त?"

"त मंग तो कपाचा डब्बा घरी न्याले लाज नाही वाटनार मले."

अश्विन सर पायऱ्यांच्या खाली उभे होते. "मी काहीही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "शिट्टी मी आणतो."

ही गोष्ट गुप्त राहिली असती. पण रामाजींना अपेक्षाने फोन करून बोलावले, आणि रामाजी नियम पाळणारे गृहस्थ होते. त्यांनी खिशातला कागद काढून पांढरीपांडे यांना फोन लावला. "साहेब, रविवारी कन्हानले म्याच हाय पोरीची. पाह्याले तरतूद लागते का जी?"

पांढरीपांडे रविवारी सरकारी जीप घेऊन कन्हानला पोचले. घोषित संघाने अघोषित ठिकाणी, प्रेक्षकांच्या व्यवस्थेविना खेळणे हा गंभीर प्रकार होता. तो जागीच थांबवायचा असे ठरवून ते शाळेमागच्या मैदानावर आले. सामना सुरू झाला होता. मातीचे कोर्ट, चुन्याच्या रेषा. एका बाजूला कन्हानच्या मुलींच्या आया-मावश्या, खाणीतून पाळी संपवून आलेली काही माणसे आणि रामाजी. पांढरीपांडे यांनी "थांबवा," असे दोनदा म्हटले. कोणाचेच लक्ष नव्हते. सगळे समोर पाहत होते. असे प्रेक्षक त्यांनी कक्षाच्या संपूर्ण कारकिर्दीत पाहिले नव्हते. मध्ये खंड पडला की सांगू, असा विचार करून ते रामाजींच्या शेजारी उभे राहिले.

"काय चाललंय?" त्यांनी हळूच विचारले.

"कन्हान पुढं हाय जी. पन माह्या पोरीची चढाई हाय आता. पाहा."

त्यांनी पाहिले. अपेक्षा रेषा ओलांडून गेली, वाकली, समोरच्या गुडघ्यांकडे बघत डावीकडे सरकली आणि एकदम उजवीकडे फिरली. एकीला बोट लागले. ती परत उडाली तेव्हा तिच्या मागून आलेले हात हवेतच मिटले. रामाजी ओरडले. थोड्या वेळाने हिमानी चढाईला आली. करिष्मा कोपऱ्यात दबा धरून बसली होती. हिमानीचा पाय तिच्या टप्प्यात आला, तसा विभागीय प्रेक्षण कक्षाच्या प्रमुखांच्या तोंडून मोठ्याने शब्द निघाले: "धर! धर तिले! अवं पाय धर!"

त्यांनी स्वतःच दचकून आजूबाजूला पाहिले. कोणी हसले नाही. एका मावशीने त्यांना पुढे जागा करून दिली. ते खाली मातीत बसले. पँटचा त्यांनी विचार केला नाही. खंड पडला तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसरा खंड पडला तेव्हा त्यांनी रामाजींना बोनस रेषा म्हणजे काय हे विचारले.

शेवटची चढाई अपेक्षाची होती आणि तिचा संघ एका गुणाने मागे होता. ती आत गेली, हिमानीच्या खांद्याला स्पर्श करून वळली, आणि हिमानीने तिची कंबर धरली. दोघी पडल्या. वरून आणखी दोघी पडल्या. अपेक्षा त्या सगळ्यांना ओढत मध्यरेषेकडे सरकत होती. तिचा हात चुन्याच्या रेषेकडे गेला, बोटे लांबली, माती उकरली गेली. रेषा राहिली. अश्विन सरांची शिट्टी वाजली.

कन्हान जिंकले.

अपेक्षा उताणी पडून आकाशाकडे बघत होती. हिमानी तिच्यावरून उठली, मग पुन्हा खाली बसली आणि तिने तिला घट्ट मिठी मारली. रामाजी चपला तिथेच सोडून मैदानात गेले.

"हारली न बाबा," अपेक्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांतले पाणी गालावरच्या धुळीतून खाली आले.

"हारली," रामाजी म्हणाले. त्यांनी तिच्या कपाळावरची माती पुसली. "पन काय खेळली वं. मी पाह्यलं सारं."

पुढचे सर्व नियमानुसार झाले. अपेक्षाने आपला संघ जाऊ शकत नाही असे विद्यापीठाला कळवले. उपविजेता म्हणून कन्हानचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला आणि दुसऱ्या फेरीत लढून हरला. अंतिम दिवशी अपेक्षा गॅलरीत हिमानीशेजारी बसल्याचे निरीक्षकाने टिपले होते. त्यामुळे तिची राहिलेली हजेरी भरली गेली आणि क्रीडाप्रेक्षण विषयात ती उत्तीर्ण झाली. पांढरीपांडे यांनी सोमवारी कार्यालयात येताच, अधिकाऱ्याने एका बाजूने ओरडणे सेवानियमांत बसत नसल्यामुळे, सरकारी जीपचा वापर खासगी प्रवास म्हणून दाखवला. नंतर त्यांनी अहवाल लिहिला की कन्हान येथे कोणताही सामना झाल्याचे कक्षाच्या पाहण्यात आलेले नाही. योजनेच्या यशाबद्दल त्यांना बढती मिळाली आणि योजना राज्यभर लागू झाली. रविवारी सकाळी मात्र ते घरी सापडत नाहीत.

सामन्याची बातमी तोंडातोंडी शहरात पसरली. धरमपेठेत, सीताबर्डीत, चहाच्या टपरीवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत लोकांनी हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे एवढ्या गुणी मुली असून त्यांना कोणी विचारत नाही, सरकार काही करत नाही, क्रिकेटपुढे कोणाला काही दिसत नाही, असे पुष्कळ बोलले गेले. दोन्ही संघांच्या मुली दर रविवारी सकाळी त्याच मैदानावर अजूनही खेळतात, हेही सर्वांना सांगण्यात आले. ते ऐकून पुढचा सामना कधी, असे आजवर कोणीही विचारलेले नाही. सगळ्यांनी एकच विचारले आहे, आणि इथवर आल्यावर तुमच्याही मनात तेच आले असेल: त्या शेवटच्या चढाईचा व्हिडिओ आहे का?

व्हिडिओ नाही. सगळे पाहत होते. कन्हानला सकाळपासून बस आहेत.